गोडाऊन आणि ऑफिससाठी वायफाय एपी व बाहेरचा अँटेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात पत्र्याचे शेड, दालमिल, जिनिंग, केळीचे रायपनिंग चेंबर, चटई आणि पाईपचे कारखाने यांना वायफाय बसवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. ‘एपी’ म्हणजे ॲक्सेस पॉइंट, आणि ‘गन’ म्हणजे हातातला बारकोड स्कॅनर.

घरी लावतो तसा राऊटर गोडाऊनला चालणार नाही का?

वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर आणि दोन मोबाइल एवढंच काम असेल तर खुशाल चालेल. पण माणूस गन घेऊन रॅकमधून फिरणार असेल तर नाही. घरच्या राऊटरला नेटवर्क केबलमधून वीज घेता येत नाही, म्हणजे प्रत्येक ठिकाणी वर प्लग पॉइंट काढावा लागतो. दोन राऊटर एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे गन एकाला सोडून दुसऱ्याला सहज पकडत नाही. शिवाय त्याचे अँटेना बहुतेक वेळा काढताच येत नाहीत.

६० बाय ३० मीटरच्या शेडला किती एपी लागतील?

शेड मोकळा असेल, जमिनीवर पोत्यांच्या थप्प्या असतील, तर दोन ते तीन पुरतात. त्याच शेडमध्ये सहा-सात मीटर उंच लोखंडी रॅक आणि पाच-सहा गल्ल्या असतील तर पाच-सहा धरून चला. हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे. चौरस फुटांवरून एपी मोजून जो कोटेशन देतो त्याने गोडाऊन पाहिलेलं नसतं. इथे क्षेत्रफळापेक्षा गल्ल्या जास्त महत्त्वाच्या, कारण भरलेला रॅक ही जवळपास भिंतच असते.

आकडा पक्का करायचा तर एक एपी तात्पुरता वर चढवून मोजमाप घ्यावं. फोर्कलिफ्टच्या पॅलेटला बांधा किंवा शिडीवर लावा, पण खऱ्या उंचीवर. मग प्रत्येक गल्लीत गन घेऊन फिरा. सगळ्यात खालच्या रॅकसमोर, कमरेच्या उंचीवर, पाठ एपीकडे करून आकडा बघा. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे ६५ डीबीएम मिळालं तर उत्तम, उणे ७० पर्यंत गन काम करते, त्याखाली तक्रारी सुरू होतात. आणि हे सगळं माल भरलेला असताना करा. ऑगस्टमध्ये रिकाम्या शेडमध्ये केलेला सर्व्हे डिसेंबरात काही कामाचा राहत नाही.

मोबाइलवर फुल रेंज दिसते, तरी गन अडकते. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक चुकीच्या खरेदीचं मूळही इथेच आहे.

रेंजच्या कांड्या फक्त एपीचा आवाज गनपर्यंत किती पोचतो ते दाखवतात. उलट बाजूचं त्या काहीच सांगत नाहीत. एपी २३ डीबीएमने बोलतो, गन बिचारी बॅटरी वाचवत १४-१५ डीबीएमने. म्हणजे गनला एपी उणे ७० वर ऐकू येत असेल तर एपीला तीच गन उणे ७८-७९ वर ऐकू येते. त्यात हमालाचं शरीर मध्ये आलं की आणखी ३ ते ५ डीबी गेले. गन डेटा पाठवते, एपीला तो समजत नाही, गन पुन्हा पाठवते, आणि स्क्रीनवर गोल फिरत राहतो.

अशा वेळी वायरमन सेटिंगमध्ये जाऊन एपीची पॉवर ‘हाय’ करतो. कांड्या वाढतात, अडचण तशीच राहते. पॉवर वाढवली की फक्त जाणारी बाजू सुधारते. चांगला अँटेना मात्र दोन्ही बाजू सुधारतो: ६ डीबीचा फायदा बोलतानाही मिळतो आणि ऐकतानाही. म्हणून गोडाऊनमध्ये एपीची पॉवर गनच्या जवळपास, १४ ते १७ डीबीएमवर ठेवावी आणि कमी पडेल तिथे अँटेना बदलावा किंवा एपी वाढवावा.

मग सगळीकडेच बाहेरचा अँटेना घ्यावा का?

नाही. ऑफिसला, शोरूमला, चार-पाच मीटर उंचीच्या छताला आतल्या अँटेनाचा एपी पुरे आहे, उलट तोच बरा. बाहेरचा अँटेना घ्यायची कारणं मोजकी आहेत. छत साडेसात-आठ मीटरच्या वर असेल, सिग्नल एका गल्लीतच सरळ न्यायचा असेल, खोलीत एपी ठेवण्यासारखी परिस्थिती नसेल (गारवा, ओल, तंतू, उष्णता), किंवा यार्डात ट्रकच्या रांगेपर्यंत पोचायचं असेल, तर घ्या.

किती डीबीआयचा घ्यावा? दुकानदार म्हणतो जास्त डीबीआय म्हणजे जास्त लांब.

डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती दाबतो त्याचं माप. लांब जातो हे खरं, पण कुठून काढून लांब नेतो ते दुकानदार सांगत नाही. अँटेना स्वतःची ताकद तयार करत नाही, आहे तीच एका दिशेला दाबतो. दांड्यासारखा ओम्नी अँटेना चारी बाजूंना मेदूवड्याच्या आकारात सिग्नल टाकतो. डीबीआय वाढला की तो वडा चपटा होत जातो.

आता हिशेब करून बघा. ८ डीबीआयच्या ओम्नीचा उभा कोन साधारण १५ अंश असतो. तो ९ मीटरवर टांगला आणि गन १.२ मीटरवर आहे, म्हणजे फरक ७.८ मीटर. कोनाचा खालचा अर्धा भाग साडेसात अंशांचा. या मुख्य झोताची खालची कड गनच्या उंचीपर्यंत उतरायला जवळपास ५९ मीटर लागतात. तुमचा शेडच ६० मीटरचा. म्हणजे पैसे देऊन आणलेली ताकद माणसांच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या भिंतीवर आदळते आणि एपीच्या बरोबर खाली उभ्या असलेल्या माणसाला रेंज नसते. तोच २-३ डीबीआयचा छोटा अँटेना ७५-८० अंशांचा असतो, त्याचा झोत ९-१० मीटरवरच खाली पोचतो.

उंच छताला पॅच, म्हणजे चपटा पॅनेल अँटेना घ्यावा. ६ ते ९ डीबीआय, कोन ६० अंशांच्या आसपास. तो दोन प्रकारे लावतात. गल्लीच्या टोकाला चार-पाच मीटर उंचीवर, गल्लीच्या लांबीकडे तोंड करून आणि थोडा खाली झुकवून. किंवा गल्लीच्या मध्यावर छतातून सरळ खाली तोंड करून. ९ मीटरवरून ६० अंशांचा झोत गनच्या उंचीला साधारण ९ मीटर व्यासाचं वर्तुळ झाकतो. पहिल्या पद्धतीत एपी कमी लागतात, पण गल्लीत कोणी उंच माल आडवा उभा केला की पलीकडचा भाग बंद. दुसरी पद्धत खर्चिक आणि जास्त भरवशाची. गन खूप असतील तर दुसरीच निवडावी.

एपी ऑफिसात सुरक्षित ठेवून अँटेनाची वायर शेडमध्ये नेली तर?

नेऊ नका. अँटेनाची वायर सिग्नल खाते. एलएमआर-२०० जातीची १० मीटर वायर ५.८ गिगाहर्ट्झला (वायफायचे नेहमीचे दोन पट्टे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, हा त्यातल्या दुसऱ्याचा भाग) जवळपास ९ डीबी खाते, म्हणजे ९ डीबीआयचा पॅच लावून पदरात काहीच नाही. जाड एलएमआर-४०० घेतली तरी १० मीटरला साडेतीन डीबी जातात, आणि ती वाकवणं म्हणजे लोखंडी सळई वाकवण्याचं काम. २.४ गिगाहर्ट्झला नुकसान कमी, पण फुकट नाही. आणि हे नुकसान ऐकतानाही होतं.

उलट करा: एपी अँटेनाजवळ न्या आणि नेटवर्क केबल लांबवा. अँटेनाची वायर एक मीटरच्या आत ठेवा.

अँटेना घट्ट बसला, पण रेंज आधीपेक्षा कमी झाली.

कनेक्टर बघा. एसएमए आणि आरपी-एसएमए बाहेरून सारखेच दिसतात आणि एकमेकांवर आटेही बसतात. फरक मधल्या पिनेचा. बहुतेक वायफाय सामानावर आरपी-एसएमए असतो: एपीच्या बाजूला बाहेरून आटे आणि मध्ये पिन, अँटेनाच्या बाजूला आतून आटे आणि मध्ये भोक. तुम्ही साधा एसएमए अँटेना आणला असेल तर दोन्हीकडे पिन येते. जोर लावून आवळलं की एपीचीच पिन वाकते. उलट जोडीत दोन्हीकडे भोक येतं आणि काहीच जोडलं जात नाही. मोठ्या एपीवर आरपी-टीएनसी किंवा एन-टाइप येतो. ऑर्डर देण्याआधी एपीच्या तोंडाचा जवळून फोटो काढून दुकानदाराला पाठवावा, नावावर विसंबू नये.

एपीला चार अँटेना पोर्ट आहेत. दोन या खोलीत, दोन पलीकडच्या खोलीत टाकू का?

हा मोह फार जणांना होतो. चारही अँटेना मिळून एकच काम करतात. त्यांनी एकच जागा पाहायला हवी. दोन खोल्यांत वाटले तर दोन्हीकडे अर्धवट काम होतं, आणि एका खोलीतली गन बोलत असताना दुसऱ्या खोलीतली एपीला अर्ध्याच कानाने ऐकू येते. दोन खोल्या, दोन एपी. पॅचही चार वायरींचा, एपीच्या पोर्टांइतकाच घ्यावा. कमी वायरींचा असेल तर उरलेले रेडिओ चेन सेटिंगमधून बंद करा. पोर्ट उघडा ठेवून रेडिओ चालू ठेवू नये.

मे महिन्यात दुपारी एपी बंद पडतात, संध्याकाळी आपोआप सुरू होतात.

एपी तापतो आहे. भुसावळ-जळगावला बाहेर ४५ अंश असताना पत्र्याला लागून असलेली हवा त्याहून पुष्कळ गरम असते. ऑफिसचे बरेच एपी ४० ते ५० अंशांपर्यंतच बनवलेले असतात. हा आकडा माहितीपत्रकात ‘ऑपरेटिंग टेंपरेचर’ म्हणून छापलेला असतो, खरेदीआधी तेवढा एक आकडा वाचलाच पाहिजे. खानदेशात पत्र्याच्या शेडला ६० अंशांच्या खालचा एपी घेऊ नये.

बसवताना पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला) चिकटवू नका. कैचीच्या खालच्या पट्टीला क्लँप मारा, किंवा एक इंची जीआय पाईप सोडून पत्र्यापासून दीड-दोन मीटर खाली आणा. गरमी कमी होते आणि पत्र्यावरून परत फिरणारा सिग्नलही कमी त्रास देतो. आणखी एक: एपी धुळीपासून वाचवायला लोखंडी पेटीत बंद करणारे लोक आहेत. पेटीत एपी भाजतो आणि सिग्नलही आतच राहतो. पेटी हवीच असेल तर प्लास्टिकची.

केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये बाहेरचा सिग्नल पोचतच नाही.

पोचणारही नाही. चेंबरच्या भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना पत्रा असतो, दरवाजालाही. शिवाय केळी म्हणजे पाणी, आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पिऊन टाकतं. खोके भरले की चेंबरच्या आतही पलीकडचा कोपरा अवघड जातो.

एपी आत टांगू नये. आत १६ ते १८ अंश तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते. साध्या एपीच्या आत पाणी सुटतं आणि काही महिन्यांत कनेक्टर हिरवे पडतात. इथे बाहेरचा अँटेना खरा उपयोगी पडतो: एपी पॅनेलच्या बाहेर, आणि आयपी६७ दर्जाचा (धूळ-पाणी आत न जाणारा) पॅच आत, दरवाजाच्या वरच्या बाजूला, खोक्यांच्या थप्पीच्या वरून पाहणारा. मधली वायर अर्धा-एक मीटर. एका चेंबरला एक एपी.

वायरीसाठी पॅनेलला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घाला आणि दोन्ही तोंडं सिलिकॉनने बुजवा. पाईपच्या आत वायरीभोवतीही भरा. ते राहिलं तर इथिलीन बाहेर झिरपतो आणि बाहेरची गरम हवा आत शिरून बरोबर कनेक्टरवर पाणी धरते. आतल्या कनेक्टरवर सेल्फ-ॲमलगमेटिंग (स्वतःलाच चिकटणारी रबरी) टेप ताणून गुंडाळा, साधी काळी इन्सुलेशन टेप ओलीत सुटते. आत फक्त तापमानाचे सेन्सर असतील तर २.४ गिगाहर्ट्झ पुरे, ५ चा खर्च करू नका.

जिनिंगमध्ये काय वेगळं?

रुईचे तंतू. जाळीच्या एपीत ते भरतात, हवा बंद होते, आणि तापलेल्या वस्तूवर तंतूंचा थर हे आगीला आमंत्रण आहे. पंखा नसलेला, बंद डब्याचा, आयपी६५ किंवा वरचा एपी घ्या. केबल उघडी न सोडता पाईपमधून न्या. हंगामात आठवड्याला एकदा ब्लोअर मारायला सांगा. दाबलेल्या गाठींच्या थप्पीतून सिग्नल फारसा जात नाही, तेव्हा थप्प्यांमधल्या वाटांवर लक्ष ठेवून एपीच्या जागा ठरवा.

कोणता माल सिग्नलला जास्त अडवतो?

तेलाचे डबे आणि ड्रम सगळ्यात वाईट. मग केळी, भाजीपाला, बाटलीबंद पाणी. डाळीची, धान्याची पोती मध्यम. ओल जास्त असेल तर जास्त अडवतात. सुकी मिरची, प्लास्टिकच्या चटया, पीव्हीसी आणि ठिबकचे पाईप फारसे अडवत नाहीत. पाईपवाल्यांना यार्डाची लांबी जास्त सतावते.

चॅनेल कोणते ठेवावेत?

२.४ गिगाहर्ट्झला १, ६ आणि ११. चौथा शोधू नका. रुंदी २० मेगाहर्ट्झ. एपी सहा असतील तर दर दुसऱ्या एपीचा २.४ रेडिओ बंद करणं बहुधा फायद्याचं ठरतं, नाहीतर ते एकमेकांवरच ओरडत बसतात.

५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे चॅनेल गोडाऊनसाठी बरे. ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर रडार टाळण्याची अट असते आणि गन तिथे एपी शोधायला वेळ लावते. गोडाऊनमध्ये रुंदी २०, ऑफिसात ४०. ८० ठेवून स्पीड टेस्टचा आकडा छान दिसतो एवढंच. गनला दर स्कॅनला काही किलोबाइट लागतात.

माणूस चालत पुढे जातो, पण गन मागच्याच एपीला चिकटून राहते.

एपी बदलायचा निर्णय गन घेते, एपी नाही. तिला सोडायला लावायचं तर एपीची पॉवर कमी करा, किमान डेटा रेट १२ एमबीपीएस ठेवा, आणि नाव व पासवर्ड सगळीकडे एकच ठेवा. जुन्या गन फक्त ८०२.११बी या जुन्या वायफाय पद्धतीवर चालत असतील तर १२ ठेवल्यावर त्या जोडल्याच जाणार नाहीत, आधी एक तपासून बघा. ८०२.११आर (एपी पटकन बदलण्याची सोय) चालू केल्यावर काही जुन्या गन रुसतात. तो पर्याय शेवटी, एका एपीवर चाचणी घेऊनच चालू करा. आणि नेटवर्कची नावं तीनच्या वर नेऊ नका: स्टाफ, गन, पाहुणे. प्रत्येक नाव हवेतली जागा खातं.

केबल आणि पीओई स्विच कसा निवडावा?

पीओई म्हणजे नेटवर्क केबलमधूनच एपीला वीज देणं. केबल शुद्ध तांब्याची कॅट-६. बाजारात स्वस्तात मिळते ती बरेचदा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. त्यातून डेटा जातो, पण वीज नेताना ती तापते, व्होल्टेज पडतं, आणि ७०-८० मीटरवरचा एपी रात्री-बेरात्री रिस्टार्ट होतो. टोक चाकूने खरवडा. आत पांढरं दिसलं की परत करा. पक्की केबल ९० मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०० मीटर, ही मर्यादा.

पीओईचे दर्जे असे: ८०२.३एएफ मध्ये स्विच १५.४ वॉट देतो आणि एपीला १२.९५ पोचतात; ८०२.३एटी मध्ये ३० आणि २५.५. एपीला एटी हवा असताना एएफ दिला तर तो बहुधा बंद पडत नाही, गुपचूप एखादा रेडिओ किंवा अर्धे अँटेना बंद करतो, आणि तुम्ही महिनाभर रेंज शोधत बसता. स्विचचं एकूण बजेटही बघा. आठ पोर्टचा, ६० वॉटचा स्विच १३ वॉटचे सहा एपी, म्हणजे ७८ वॉट, पेलू शकत नाही. २४ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर (एपीला न विचारता केबलमध्ये सरळ वीज सोडणारा डबा) दुसऱ्या कंपनीच्या एपीला कधीही लावू नये.

लाईट गेली की?

स्विच यूपीएसवर ठेवला की सगळे एपी त्याच्यावरच चालतात. पीओईचा खरा फायदा हा. सहा एपी आणि स्विच मिळून साधारण १०० वॉट. १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी त्यावर जेमतेम अर्धा तास टिकते. मोठ्या भारनियमनासाठी इन्व्हर्टरवर घ्या. इंटरनेटचा मॉडेमही त्याच लाइनवर हवा, हे हमखास राहून जातं.

रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या गोडाऊनला नेट न्यायचं आहे.

खोदता येत असेल तर फायबर टाका, अंतर कितीही कमी असो. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं आणि तांब्याची केबल टाकली की पावसाळ्यात दोन्हीकडचे पोर्ट जळतात. खोदता येत नसेल तर ५ गिगाहर्ट्झची पॉइंट-टू-पॉइंट जोडी, म्हणजे एकमेकांकडे तोंड केलेले दोन अँटेना. इथे समोरचं दिसणं पुरत नाही, झोताभोवती मोकळी जागाही लागते: ५०० मीटरला मध्यावर सगळ्या बाजूंनी दीड मीटर, एक किलोमीटरला सव्वादोन. मधल्या कडुनिंबाची फांदी आज खाली असेल, पण ती वाढून पालवी दाट झाली की लिंक पडते. उभ्या ट्रकची उंचीही धरा.

वर लावलेल्या अँटेनाच्या खांबाला अर्थिंग आणि केबलला सर्ज प्रोटेक्टर, तोही अर्थ केलेला. अर्थची तार न जोडता लावलेला प्रोटेक्टर म्हणजे नुसता डबा. केळीच्या बागा आडव्या करणारं मे-जूनचं वादळ लक्षात घेऊन खांबाला तीन बाजूंनी ताण द्या.

ऑफिससाठी काय बघावं?

ऑफिस सोपं आहे. छताच्या मध्यावर एपी, भिंतीमागे किंवा फॉल्स सीलिंगच्या वर नाही. दर २०-२५ लोकांमागे एक धरा. काचेचं पार्टिशन किरकोळ अडवतं, नऊ इंची विटांची भिंत बऱ्यापैकी, आरसीसी त्याहून जास्त. जुन्या पेठेतल्या जाड मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या वास्तूत ऑफिस असेल तर प्रत्येक खोलीचा वेगळा विचार करावा लागतो.

सरकारी परवाना लागतो का?

वापरायला वेगळा लायसन्स लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झला अँटेनासह एकूण ताकद ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएमच्या आत हवी. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने मोठा खुला झाला, पण त्यातल्या उपपट्ट्यांची मर्यादा वेगवेगळी आहे. म्हणून सेटिंगमध्ये देश ‘इंडिया’ निवडा आणि बाहेरच्या अँटेनाचा डीबीआय खरा भरा. एपी त्यानुसार पॉवर स्वतः कमी करतो. सामानाला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची) ईटीए, म्हणजे उपकरणाची मान्यता आहे का ते बिलाआधी विचारा.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी काय तपासावं?

गोडाऊन भरलेलं असताना, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, तुमच्याच गनने. गनवरून सतत पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) चालू ठेवून सगळ्या गल्ल्या चालत पार करा. एपी बदलताना एखाद-दुसरा पिंग गेला तर चालतो, पाच-दहा सलग गेले तर नाही. कंट्रोलरमध्ये, म्हणजे सगळे एपी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एपीला गन किती डीबीएमवर ऐकू येते तो आकडा उघडून बघा, फक्त गनवरचा नाही. एक एपी मुद्दाम बंद करून त्याच्या गल्लीत काम चालतं का पाहा. स्विचवरचा एकूण वॉटचा आकडा लिहून घ्या. आणि प्रत्येक एपीची जागा, केबलचा नंबर, चॅनेल, अँटेनाचा प्रकार आणि पासवर्ड असलेला कागद हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.